बर्फात इलेक्ट्रिक गाडी : स्नो चेन आणि विंटर टायरबद्दल खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली की जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, चाळीसगाव इथून हे प्रश्न यायला लागतात आणि जानेवारी संपेपर्यंत येत राहतात. बहुतेक प्रश्न नाताळच्या सुट्टीत गाडी घेऊन मनालीला किंवा काश्मीरला निघालेल्यांचे असतात, काही परदेशात नोकरीला गेलेल्या मुलांच्या आईवडिलांचे. एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारली जाते, म्हणून उत्तरं एकत्र करून ठेवली आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे तो क्रमांक सापडेल.

१. स्नो चेन म्हणजे काय आणि ती नेमकं काय करते?

टायरवर जाळीसारखी बसणारी पोलादी साखळी. गाडीच्या वजनाने तिच्या कड्या बर्फात रुततात आणि चाकाला धरायला काहीतरी मिळतं. साखळीचं काम हळू वेगात निघणं, चढणं आणि थांबणं एवढंच. ती लावली म्हणून घाटात नेहमीच्या वेगाने जाता येत नाही. खाली रुतायला बर्फ नसेल तर ती रस्ताही खराब करते आणि स्वतःही तुटते.

२. विंटर टायर आणि आपला नेहमीचा टायर यांत फरक काय? नक्षीचाच ना?

नक्षीचा फरक आहेच, पण खरा फरक रबराचा. आपल्याकडचे टायर उन्हात तापलेल्या डांबरासाठी बनवलेले असतात. साधारण ७ अंशांच्या खाली त्यांचं रबर कडक व्हायला लागतं, जसं थंडीत बाटलीतलं खोबरेल तेल घट्ट होतं. कडक रबर रस्त्याच्या बारीक खाचांत बसत नाही, म्हणून पकड जाते. बर्फ नसलेल्या कोरड्या पण गार रस्त्यावरसुद्धा हे घडतं.

विंटर टायरच्या मिश्रणात सिलिकाचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे तो शून्याखालीही मऊ राहतो. शिवाय त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने कापल्यासारख्या असंख्य बारीक चिरा असतात. चाक फिरताना त्या उघडतात आणि बर्फाला कडा लागतात.

३. माझ्या एसयूव्हीच्या टायरवर ‘एम प्लस एस’ लिहिलंय. म्हणजे तो विंटर टायरच झाला ना?

नाही. ‘मड अँड स्नो’ हा शिक्का कंपनी नक्षी पाहून स्वतःच मारते, त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह शोधा. बर्फावरच्या ठरावीक चाचणीत पास झालेल्या टायरलाच ते मिळतं. भारतात विकल्या जाणाऱ्या गाड्यांच्या मूळ टायरवर ते सहसा नसतं.

४. इलेक्ट्रिक गाडीला बर्फात पेट्रोल गाडीपेक्षा वेगळं काय सांभाळावं लागतं?

तीन गोष्टी, आणि तिसरी सर्वांत दुर्लक्षित.

पहिली, वजन. तशाच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा इलेक्ट्रिक गाडी दोन-तीनशे किलोने सहज जड असते. ‘जड गाडी बर्फात घट्ट बसते’ असं छातीठोक सांगणारे बरेच भेटतात. निघताना चालक चाकांवर, म्हणजे मोटर फिरवते त्या चाकांवर, भार असला तर मदत होते हे खरं. पण थांबताना तेवढंच जास्त वजन अडवावं लागतं, त्यामुळे थांबण्याचं अंतर काही कमी होत नाही. आकडे बघा. ताशी ४० च्या वेगावरून कोरड्या डांबरावर गाडी नऊ-दहा मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर साध्या हिशोबाने पंचवीसेक मीटर लागतात आणि गोठलेल्या पारदर्शक थरावर साठच्या पुढे. ब्रेकवर पाय जायला लागणारा वेळ यात धरलेला नाही.

दुसरी, मोटरचा जोर. ॲक्सिलरेटरला पाय लागला की पूर्ण टॉर्क लगेच हजर. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागीच फिरू न देणारी यंत्रणा) तो पटकन कापतो, तरी निघताना इको किंवा स्नो मोड लावा आणि पाय अगदी अलगद ठेवा.

तिसरी, रीजन. पाय उचलला की मोटर उलट काम करून गाडी हळू करते. शहरात ही सोय आवडते, पण हे ब्रेकिंग फक्त चालक चाकांवर होतं. बर्फावर तेवढ्यानेही चाक सरकू शकतं. याचं उत्तर ११ मध्ये सविस्तर आहे.

माझं आग्रहाचं म्हणणं एकच आहे, आणि पुढच्या बऱ्याच उत्तरांच्या मुळाशी तेच आहे : बर्फात गाडी चढली म्हणजे ती उतरेलच असं नाही. मोटरमध्ये जोर भरपूर असल्यामुळे इलेक्ट्रिक गाडी चढताना फार विश्वास देते. निर्णय उताराकडे बघून घ्या.

५. चेन पुढच्या चाकांना लावायची की मागच्या?

ज्या चाकांना मोटर फिरवते त्यांना. नेक्सॉन ईव्ही, पंच ईव्ही, विंडसर, क्रेटा इलेक्ट्रिक या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या, म्हणून चेन पुढे. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई मागच्या चाकांवर चालतात, म्हणून चेन मागे. हॅरियर ईव्हीत मागच्या चाकांचा आणि दोन मोटरचा असे दोन्ही प्रकार आहेत. आपली कोणती ते कागदावर बघा, अंदाजाने ठरवू नका. दोन मोटरच्या गाडीला कुठे लावायची ते हँडबुकच सांगतं. सगळ्या कंपन्यांचं उत्तर एक नाही.

पुढे चेन असेल तर उतारावर ब्रेक दाबताना मोकळी मागची बाजू फिरू शकते. मागे चेन असेल तर गाडी निघते छान, पण वळवणाऱ्या आणि ब्रेकचा मोठा भार घेणाऱ्या पुढच्या चाकांखाली पकड नसते. हँडबुक परवानगी देत असेल तर तीव्र उतारासाठी चारही चाकांना चेन हाच चांगला मार्ग.

६. विंटर टायर इथूनच टाकून निघालं तर? मनालीत धावपळ नको.

हा बेत सोडा. जळगावहून मनाली दीड हजार किलोमीटरहून जास्त. शिरपूर, सेंधवा, इंदूर करत ग्वाल्हेरपर्यंत डिसेंबरातही दुपारी रस्ता चांगलाच तापलेला असतो. मऊ रबर तिथे भराभर झिजतं आणि ब्रेकचं अंतर वाढतं. दोन दिवसांच्या बर्फासाठी येता-जाता तीन हजार किलोमीटर चुकीच्या टायरवर काढायचे, आणि वर मे महिन्यात भुसावळच्या ४५ अंशांत तेच टायर गाडीला ठेवायचे, हे धोक्याचंही आहे आणि खर्चाचंही.

मिळण्याचीही अडचण आहे. जून २०२० पासून नवीन टायरची आयात सरकारच्या निर्बंधित यादीत आहे. अपोलोच्या मालकीची व्रेडेस्टाइन आणि आपली सिएट युरोपात विंटर टायर विकतात, पण धुळ्यातल्या किंवा जळगावातल्या दुकानात ते मांडलेले दिसत नाहीत.

चांगल्या नक्षीचे नेहमीचे टायर आणि डिकीत मापाची चेन, एवढं आपल्यासाठी पुरे. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, बर्फात मात्र ४ च्या खाली गेलेला टायर घेऊन जाऊ नका.

७. चेन विकत घ्यावी की तिथे भाड्याने मिळते?

मनालीत, काश्मीरमध्ये तंगमर्गला रस्त्याकडेला भाड्याने मिळते आणि लावून द्यायला माणसंही असतात. अडचण मापाची. तिथला साठा टॅक्सीच्या गाड्यांच्या मापाचा असतो. तुमच्या १७ किंवा १८ इंची चाकाला ‘बसवून देतो साहेब’ म्हणत ढिली चेन अडकवली जाते आणि ती चाकाच्या कमानीत आपटत राहते.

विकत घेताना टायरच्या बाजूवरचं पूर्ण माप (उदाहरणार्थ २१५/६० आर १६) चेनच्या खोक्यावरच्या यादीत शब्दशः आहे का ते बघा. जवळचं माप चालत नाही. दुसरं, कडीची जाडी. इलेक्ट्रिक गाडीत चाक आणि आतल्या भागांमधली जागा बेताची असते, म्हणून ७ किंवा ९ मिलिमीटरच्या कड्या बऱ्या. जाड कड्या दणकट दिसतात, पण आतून घासतात.

८. चेन लावायची कशी? व्हिडिओत सोपं वाटतं.

अंगणात सोपंच असतं. बर्फात, हात बधिर झालेले असताना, बाजूने ट्रक जात असताना ते अवघड होतं. म्हणून निघण्याआधी घरच्या अंगणात लावून-काढून पाहा, एकदा हातमोजे घालून आणि एकदा अंधारात टॉर्चवर. त्या अवस्थेत गाडी हलवायची ती फूटभर, डांबरावर चालवायची नाही.

प्रत्यक्षात असं करा. सपाट, रुंद जागा बघून थांबा. चढावर अडकल्यावर लावण्यापेक्षा आधीच लावलेली बरी. गाडी ‘पी’ मध्ये, पार्किंग लाइट चालू. चेन जमिनीवर पसरून पीळ काढा. कड्यांची गुळगुळीत बाजू टायरकडे यायला हवी. आतली लवचीक दोरी चाकाच्या मागून सरकवून तिची दोन टोकं वर आणून जोडा आणि जोड टायरच्या मागे ढकला. मग जाळी तोंडावर ओढून बाहेरचा हुक लावा. शेवटी ताण देणारी साखळी कुलुपातून ओढून तिचं मोकळं टोक बाजूच्या कडीत अडकवा. हे टोक लोंबकळत राहिलं तर आतल्या एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सरची वायर तोडतं.

आता पन्नासेक मीटर पुढे जा, उतरा आणि पुन्हा ओढून घट्ट करा. पहिल्यांदा कितीही घट्ट वाटली तरी चाक फिरल्यावर चेन बसते आणि ढिली होते. ही पायरी बहुतेक जण गाळतात.

जॅक लागत नाही. कोणी लावायला निघालाच तर थांबवा. इलेक्ट्रिक गाडीच्या मजल्याखाली बॅटरी असते आणि ठरलेल्या चार जागा सोडून कुठेही जॅक टेकवायचा नसतो.

९. चेन लावल्यावर किती वेगाने चालवायची? मध्येच डांबर दिसलं तर?

चेनच्या खोक्यावर सहसा ताशी ५० ही कमाल मर्यादा असते. घाटात २०-३० पुरे. डांबराचा लहानसा तुकडा आला तर हळू काढा. सलग डांबर सुरू झालं की बाजूला थांबून चेन काढा.

१०. लोखंडी चेनऐवजी कापडी सॉक्स चालतात का?

चालतात, मर्यादेत. टायरवर मोज्यासारखं चढवायचं विणलेलं आवरण. हलकं, पटकन बसणारं आणि आत जागा कमी असलेल्या गाडीसाठी सोयीचं. ताज्या बर्फावर चांगली पकड देतं. डांबरावर मात्र लवकर फाटतं, आणि कडक गोठलेल्या थरावर लोखंडाची बरोबरी करत नाही. आपल्याकडे काही नाक्यांवर पोलीस लोखंडी चेनच मागतात, हेही लक्षात घ्या.

११. बर्फात रीजन किती ठेवायचं? एका पेडलवर चालवायची सवय आहे.

सर्वांत कमी. एका पेडलची सवय बर्फापुरती बाजूला ठेवा.

कारण असं. पुढच्या चाकांच्या गाडीत जोरदार रीजनने पुढची चाकं सरकली की गाडी वळत नाही, सरळ जाते. मागच्या चाकांच्या गाडीत मागची बाजू बाहेर येते आणि गाडी गरकन फिरते. ब्रेक पेडल दाबलं तर जोर चारही चाकांवर वाटला जातो आणि एबीएस प्रत्येक चाकाकडे बघतो. म्हणून बर्फावर हळू होण्याचं काम पायाने ब्रेकवर करा.

दुसरी बाजू कमी लोकांना माहीत आहे. बॅटरी गार असेल किंवा पूर्ण भरलेली असेल तर ती रीजनची वीज घेऊ शकत नाही. डोंगरावरच्या हॉटेलात रात्रभर १०० टक्के चार्ज करून सकाळी उताराला लागलात तर पाय उचलल्यावर गाडी हळू होत नाही आणि चालक घाबरतो. वर मुक्काम असेल तर ८०-८५ टक्क्यांवर थांबवा. तोरणमाळवरून उतरतानाही, बर्फ नसला तरी, हेच लागू आहे.

१२. भाऊ, बरफमा गाडी घसरनी ते काय करानं?

दोन्ही पाय शांत. ॲक्सिलरेटर सोडा, पण रीजन जास्त असेल तर झटक्यात नको. जिकडे जायचं तिकडे नजर आणि स्टिअरिंग, थोडंसंच. चाकं धरेपर्यंत स्टिअरिंग पूर्ण फिरवून ठेवलं तर पकड परत येताच गाडी तिकडेच उडी घेते. एबीएस असल्यामुळे ब्रेक पंप करायची गरज नाही. दाबून ठेवा, पायाखाली थरथर जाणवेल, ती बरोबर आहे.

अडकून चाक जागीच फिरत असेल तर जोर देऊ नका. खालचा बर्फ वितळून पुन्हा गोठतो आणि खड्डा होतो. काही गाड्यांत निघण्यापुरतं ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून चाक हळूच फिरवलेलं उपयोगी पडतं. निघालात की लगेच चालू करा.

१३. रेंज किती कमी होते? चार्जिंगचं काय?

नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या नवीन गाड्यांपैकी जवळपास ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या, तेव्हा थंडीत या गाड्या चालतात यात शंका नको. तिथल्या वाहनचालक संघटनेच्या हिवाळी चाचण्यांत गाडीनुसार रेंज कागदावरच्या आकड्यापेक्षा साधारण १० ते ३० टक्के, कधी त्याहून जास्त घटते. आपण चढण आणि केबिनचा हीटर धरून ४० टक्के कमी असा हिशोब करावा. चेन लावल्यावर आणखी वीज जाते.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी आहे. ती उष्णतेला चिवट, थंडीत मात्र जास्त सुस्त. शून्याच्या आसपास पेशींचं नुकसान होऊ नये म्हणून गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते. म्हणून मुक्कामी पोहोचल्याबरोबर, बॅटरी गरम असतानाच चार्जिंगला लावा. सकाळी प्लग काढण्याआधी केबिन गरम करून घ्या, ती वीज बॅटरीतून जात नाही.

१४. टायरची हवा इथे भरून जावी की तिथे?

दोन्हीकडे तपासा. जळगावात ३० अंशांत ३३ पीएसआय भरली आणि मनालीत सकाळी उणे ५ असेल तर गारठ्यामुळे साडेपाच पीएसआयच्या आसपास उतरते. पण मनाली साधारण २,००० मीटर उंचीवर असल्याने बाहेरचा दाब कमी होतो आणि गेजवर पावणेतीन-तीन पीएसआय परत मिळतात. म्हणजे निव्वळ घट तीनच्या आत. तेवढी भरून घ्या. जड इलेक्ट्रिक गाडीला कमी हवा बाधते. ‘बर्फात हवा कमी ठेवा’ हा सल्ला चेन लावलेल्या टायरला तर अजिबात नको, ढिल्या टायरवरून चेन सरकते. परतीच्या वाटेवर मैदानात उतरल्यावर पुन्हा तपासा.

१५. बर्फात तासन्‌तास अडकलो तर? बॅटरी संपली तर गारठून जाऊ ना?

ही भीती सर्वांत जास्त जण लिहून पाठवतात आणि ती रास्त आहे. २३ डिसेंबर २०२४ ला सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात हजारेक गाड्या अडकल्या होत्या.

हिशोब असा. ४० युनिटच्या बॅटरीत ६० टक्के चार्ज म्हणजे २४ युनिट. उभ्या गाडीत केबिन ऊबदार राखायला सरासरी दीड किलोवॉट लागले तर सोळा तास निघतात. तापमान १८ वर ठेवलं, किंवा सीट हीटर असेल तर तो वापरला, की आणखी वाढतात. अट एकच : वर जाताना ५० टक्क्यांच्या खाली असताना बर्फाच्या पट्ट्यात शिरू नका.

एका बाबतीत इलेक्ट्रिक गाडी जास्त सुरक्षित आहे. पेट्रोल-डिझेल गाडीचा सायलेन्सर बर्फाने बुजला तर विषारी वायू आत शिरतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे किमान २२ माणसं अडकलेल्या गाड्यांमध्ये दगावली, त्यात या वायूचाही हात होता. इलेक्ट्रिक गाडीत हा वायूच तयार होत नाही. तरी घोंगडी, पाणी, खायला शेंगदाणे-गूळ आणि औषधं हाताशी ठेवाच.

गाडी ओढून न्यायची वेळ आली तर चालक चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढू देऊ नका, मोटर खराब होते. फ्लॅटबेडच, म्हणजे गाडी पूर्ण वर चढवून नेणारा ट्रकच, मागवा.

१६. चेन आहे, तरी पोलीस वर सोडत नाहीत. असं का?

बर्फ जास्त असला की मनालीच्या वर नेहरूकुंडाजवळच गाड्या अडवतात आणि कधी कधी फक्त फोर बाय फोरला सोडतात. वाद घालू नका, त्यांना उतार माहीत आहे. गाडी मनालीत लावा, पुढचा पट्टा स्थानिक टॅक्सीने करा. अटल बोगद्याचे ९.०२ किलोमीटर पार करून पलीकडे सिस्सूपर्यंत टॅक्सीवालेही नेतात, आणि तो उतार ते रोज चालवतात. कुटुंब, लहान मुलं सोबत असतील तर पोलिसांनी सोडलं तरीही हेच करा, असं मी सांगेन.

१७. हँडबुकात लिहिलंय, ‘या मापाच्या टायरवर चेन वापरू नये’. काय करू?

वापरू नका. वरच्या मॉडेलच्या मोठ्या चाकांबाबत हे बऱ्याचदा असतं, कारण आत जागाच नसते. त्याच गाडीच्या खालच्या मॉडेलच्या लहान चाकांना परवानगी असू शकते. नाहीतर १० मधले सॉक्स, किंवा १६ मधला टॅक्सीचा मार्ग.

१८. मुलगा म्युनिकला आहे, जुनी इलेक्ट्रिक गाडी घेतोय. ऑल सीझन टायर चालतील का?

चालतील, ३ मधलं डोंगर-हिमकणाचं चिन्ह असेल तर. १ ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत हिवाळी परिस्थितीत नुसता ‘एम प्लस एस’ शिक्का मान्य नाही. तो सुट्टीत ऑस्ट्रियात जाणार असेल तर तिथे १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, हिवाळी परिस्थितीत, विंटर टायरची नक्षी किमान ४ मिलिमीटर लागते. निळ्या गोल पाटीवर साखळी लावलेलं चाक दिसलं की चेन सक्तीची.

टायर घेताना भारांक पाहायला सांगा. ९५ म्हणजे एका टायरवर ६९० किलो, ९९ म्हणजे ७७५. इलेक्ट्रिक गाडीला गाडीच्या कागदावर आहे त्याहून कमी भारांक चालत नाही. वेगाचं अक्षर विंटर टायरला एखादी पायरी कमी चालतं, भारांक नाही.

१९. पावसाळ्यात शेताच्या रस्त्यावर, काळ्या मातीच्या चिखलात चेन लावली तर?

नको. बर्फ कड्यांतून झडतो, कपाशीची काळी माती झडत नाही. दोन फेऱ्यांत चेन आणि चाकाची कमान मातीने भरून गच्च होते आणि आतल्या वायरी ओढल्या जातात. त्या रस्त्याला ट्रॅक्टरच बरा.

२०. परत आल्यावर चेन ठेवायची कशी?

आधी गोड्या पाण्याने धुवा, कारण डोंगरातल्या रस्त्यांवर काही ठिकाणी मीठ टाकतात आणि ते लोखंड खातं. उन्हात पूर्ण वाळवा, हलका तेलाचा हात फिरवा, पीळ न पडता पिशवीत ठेवा. एखादी कडी अर्ध्याहून जास्त झिजली असेल तर ती चेन पुढच्या वर्षी नेऊ नका. कापडी सॉक्स पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. एप्रिल-मेच्या तापात धागा कमजोर होतो. घरातलं कपाट चालेल.